गोळी कुठली ते आधी सांगा

मागच्या अंकात गर्भनिरोधक गोळ्यांवर चार ओळी लिहिल्या आणि महिनाभर तुमची पत्रं, मेसेज येतायत. अर्ध्याहून जास्त पत्रांत विषय पाळीचाच. लवकर आली, उशिरा आली, आलीच नाही, नुसते डाग पडतायत, पंधरा दिवस झाले थांबत नाहीये. आणि जवळजवळ सगळ्यांचं वाक्य एकच, "गोळी घेतल्यापासून असं झालंय." पण कुठली गोळी ते बहुतेक जणी लिहीतच नाहीत.

आपल्याकडे गोळी म्हणजे आरोग्य केंद्रात फुकट मिळणारी माला-एन पण गोळी, मेडिकलमधली ओव्हरल-एल किंवा नोव्हेलॉन पण गोळी, आठवड्याची छाया पण गोळी, ७२ तासांची इमर्जन्सीवाली पण गोळी, गौरी-गणपतीला पाळी पुढे ढकलायची ती पण गोळी आणि गर्भपाताची पण गोळीच. यातली प्रत्येक पाळीशी वेगळं वागते. एकीने पाळी घड्याळासारखी येते, दुसरीने दीड महिना लांबते, तिसरीने आठ दिवस आधीच येते. म्हणून ओपीडीत माझा पहिला प्रश्न "काय होतंय" हा नसतोच, "स्ट्रिप आणलीय का" हा असतो. रिकामी असली तरी आणा. नाव पाठ नसलं तर मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

या वेळी ज्यांनी नाव लिहिलंय किंवा वर्णनावरून मला ओळखता आलंय अशीच पत्रं घेतलीयत.

प्रश्न: लग्नाला वर्ष झालं. आशाताईंनी माला-एन दिली. पहिलं पाकीट नीट गेलं, दुसऱ्याच्या अकराव्या गोळीपासून थोडं थोडं अंगावरून जातंय, पॅड भरत नाही पण डाग पडतात. सासूबाई म्हणतात गोळी उष्ण पडली, बंद कर. शेवटच्या काळ्या गोळ्या मी घेत नाही, त्या लोहाच्या असतात ना? (सातारा जिल्हा)

उत्तर: मध्येच बंद करू नका, हे सगळ्यात आधी. कारण पाकिटाच्या मध्ये गोळी थांबवली की दोन-चार दिवसांत पाळीसारखंच पूर्ण रक्त जायला लागतं, आणि दिवस न राहण्याची जी खात्री होती ती पण जाते. म्हणजे डाग थांबवायला गेलात आणि दोन्हीकडून नुकसान झालं.

हे डाग का पडतात ते सांगते. माला-एनच्या एका पांढऱ्या गोळीत दोन हार्मोन असतात, इस्ट्रोजेन ०.०३ मिलिग्रॅम आणि लेव्होनॉर्जेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम. इतक्या कमी डोसवर गर्भाशयाचं आतलं अस्तर पातळ व्हायला लागतं, आणि त्याची सवय होईपर्यंत मधेमधे त्याचा एखादा तुकडा सुटतो, तेच तुम्हाला डाग म्हणून दिसतं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत हे खूप जणींना होतं आणि बहुतेकींचं आपोआप थांबतं. उष्णतेचा याच्याशी संबंध नाही, सब्जा प्या, धन्याचं पाणी प्या, बरं वाटतं तर जरूर प्या, पण गोळी चालू ठेवून. सासूबाईंनाही हे वाचून दाखवा, त्यांना तुमची काळजी आहे म्हणूनच त्या बोलतायत.

आता मला एक शंका आहे, ती म्हणजे गोळीची वेळ. कधी सकाळी कधी रात्री असं होतंय का, एखादी चुकली का? डाग पडायचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. रात्रीचं जेवण झालं, ओटा पुसला की गोळी, असं एखाद्या रोजच्या कामाला बांधून टाका. एक चुकली तर आठवेल तेव्हा लगेच घ्या, पुढची तिच्या वेळेला, त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतं. दोन किंवा जास्त चुकल्या तर एक लगेच घ्या, मग रोजच्यासारखं चालू ठेवा आणि पुढचे सात दिवस कंडोम वापरा. चुकलेल्या गोळ्या पांढऱ्या गोळ्यांच्या शेवटच्या आठवड्यातल्या असतील तर काळ्या गोळ्या सोडून सरळ नवीन पाकीट सुरू करा. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर ती पोटात गेलीच नाही असं समजून दुसरी घ्या.

काळ्या गोळ्यांचं म्हणाल तर २८ मधल्या २१ पांढऱ्या कामाच्या, ७ काळ्या लोहाच्या, हे बरोबर आहे. त्या नाही घेतल्या म्हणून काही दिवस राहत नाहीत. पण त्या दोन कारणांसाठी ठेवल्यात. एक म्हणजे रोज गोळीची सवय तुटू नये, कारण सात दिवसांची सुट्टी घेतली की नवीन पाकीट सुरू करायला आठवा, नववा दिवस उजाडतो, आणि खरा धोका तिथेच असतो. पाकिटाच्या मध्ये चुकलेल्या गोळीपेक्षा सुरुवातीला उशीर झालेली गोळी जास्त महागात पडते. दुसरं कारण रक्ताचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे ५७ जणींना ॲनिमिया निघाला. म्हणजे तुमच्या वाडीतल्या निम्म्याहून जास्त जणी. काळ्या गोळ्या कचऱ्यात टाकायच्या नाहीत हो.

तिसरं पाकीट संपेपर्यंत बघा. त्यानंतरही डाग थांबले नाहीत, किंवा संबंधानंतर रक्त येतंय, ओटीपोटात दुखतंय, वास येतोय असं काही असलं तर तपासणी करून घ्या, मग कारण गोळी नसून दुसरं असू शकतं.

प्रश्न: वय ३१, दीड वर्षापासून ओव्हरल-एल घेतेय, एकही चुकवलेली नाही. पूर्वी पाच दिवस पाळी असायची, आता दीड-दोन दिवस, तेही चॉकलेटी रंगाचं. या महिन्यात तर आलीच नाही. टेस्ट निगेटिव्ह आहे. घाण रक्त आत साठून राहतंय का? त्याची गाठ होईल का? (ठाणे)

उत्तर: नाही. साठत नाही, गाठ होत नाही, आणि पाळीचं रक्त घाणही नसतं. हा प्रश्न मला आठवड्यातून चार वेळा तरी विचारला जातो, शिकलेल्या मुलींकडूनही, म्हणून जरा बैजवार सांगते.

दर महिन्याला गर्भाशयात अस्तर तयार होतं, जाड होतं, दिवस राहिले नाहीत की सुटून बाहेर पडतं, त्याला आपण पाळी म्हणतो. गोळी चालू असताना स्त्रीबीज बाहेर पडत नाही आणि अस्तर जाड होतच नाही. पेरणीच झाली नाही तर कापणी कशाची करणार? जे थोडं तयार होतं ते जुनं, सावकाश बाहेर पडणारं, म्हणून चॉकलेटी दिसतं. कधी तेवढंही होत नाही आणि महिना कोरडा जातो. गोळ्या चुकल्या नसतील आणि टेस्ट निगेटिव्ह असेल तर पुढची स्ट्रिप नेहमीच्या दिवशी सुरू करायची. पाळीची वाट बघत थांबायचं नाही, खूप जणी इथेच फसतात. सलग दोन महिने आली नाही तर मनाच्या शांतीसाठी पुन्हा एक टेस्ट करा.

आणि खरं सांगायचं तर गोळीवर जी पाळी येते ती पाळीच नाही. सात दिवस हार्मोन बंद झाले म्हणून येणारं ते रक्त आहे. अमेरिकेत १९५० च्या दशकात ग्रेगरी पिंकस आणि जॉन रॉक यांनी गोळीवर काम केलं, १९६० मध्ये तिथे ती गर्भनिरोधक म्हणून मंजूर झाली, तेव्हाच ही मधल्या सुट्टीची रचना ठरली. त्यामुळे दर महिन्याला रक्त दिसतं आणि बाईला सगळं नेहमीसारखं वाटतं. शरीराला त्या सुट्टीची गरज आहे असं नव्हतं. इंग्लंडच्या तज्ज्ञांच्या संस्थेने जानेवारी २०१९ मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचनांत सरळ लिहिलं की सात दिवसांच्या सुट्टीचा आरोग्याला काही फायदा नाही. ज्यांना पाळीत भयंकर दुखतं किंवा ॲनिमिया आहे अशांना आम्ही कधीकधी मुद्दाम तीन स्ट्रिपा सलग घ्यायला सांगतो. तेव्हा कमी रक्त जाणं हा गोळीचा तोटा नाही, तुमच्या हिमोग्लोबिनसाठी ते चांगलंच आहे.

प्रश्न: आमच्याकडे गौरी असतात आणि घरात करणारी मी एकटीच. यंदा चैत्रात कुलदेवीला, मग पुतण्याच्या लग्नात आणि आता गौरींना, असं तीनदा पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या. मेडिकलवाला ओळखीचा आहे, चिठ्ठी मागत नाही. या वेळी गोळ्या थांबवल्यावर खूप गेलं, गाठी पडल्या. त्याआधी दोनदा डोळ्यासमोर नागमोडी चमचमत्या रेघा आल्या आणि मग अर्धं डोकं ठणकलं. वय ३९. गोळी चालू होती म्हणून त्या दिवसांत वेगळी काळजी घेतली नाही, चालतं ना? (कोल्हापूर)

उत्तर: ताई, तुम्ही रक्ताबद्दल विचारलंय पण मी आधी त्या रेघांबद्दल बोलणार आहे. डोळ्यासमोर चमचमत्या नागमोडी रेघा येऊन अर्धं डोकं दुखतं ती बहुतेक करून मायग्रेनची एक खास जात असते आणि तिच्यात मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका आधीच थोडा जास्त असतो. त्यात इस्ट्रोजेन मिळालं की तो आणखी वाढतो. तुम्ही घेतलेली गोळी नॉरएथिस्टेरॉनची, मेडिकलमध्ये प्रिमोलूट-एन, रेजेस्ट्रॉन अशा नावांनी मिळते ती. तिच्यात इस्ट्रोजेन लिहिलेलं नसतं, पण पाच मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा घेतली की शरीरात तिचा थोडा भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. म्हणून तुम्ही डॉक्टरांना दाखवल्याशिवाय ही गोळी पुन्हा घेऊ नका. बीपी मोजून घ्या. मिसरी, तंबाखू, काही असेल तर न लाजता सांगा. घरात कुणाला पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली होती का तेही सांगा. आणि कधी एका बाजूचा हातपाय लुळा पडला, बोलताना जीभ जड झाली, एकच पाय सुजून दुखायला लागला, अचानक धाप लागली, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं.

आता रक्त. ही गोळी पाळी रद्द करत नाही, अडवून धरते. अस्तर तयार असतं, गोळी थांबली की दोन-तीन दिवसांत ते एकदम सुटतं, म्हणून जास्त जातं आणि गाठी पडतात. एखाद्या वेळी झालं तर घाबरायचं कारण नाही. पण तासाला एक पॅड भरत असेल किंवा पुढच्या महिन्यातही असंच झालं तर सोनोग्राफी करून घ्या, चाळिशीजवळ फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयात मांसाच्या गाठीही असू शकतात.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न. नाही चालत. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या अशा पद्धतीने घेतल्या तर त्या गर्भनिरोधक नाहीत, त्यांच्यावर विसंबून राहू नका. गाठी पडून जास्त गेलं म्हणताय म्हणून एकदा प्रेग्नन्सी टेस्ट करून घ्याच.

ज्यांना असा काही त्रास नाही त्यांनी वर्षातून एखाद वेळी ही गोळी घेतली तर आभाळ कोसळत नाही. डॉक्टरांना विचारून, पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करायची. आदल्या दिवशी सुरू केली की पाळी बऱ्याचदा थांबत नाही, उलट पूजेच्या मधोमध डाग पडतात आणि मग जास्त मनस्ताप होतो.

एक मनातलं बोलते. पाळीत देवाचं करावं की नाही हा तुमच्या श्रद्धेचा प्रश्न, त्यात मी शिरणार नाही. पण "करणारी मी एकटीच" हे वाक्य मला टोचलं. गौरी उभ्या करायला, पुरण शिजवायला, आरतीचं ताट करायला घरातली बाकीची माणसं एखाद्या वर्षी शिकली, नवरा शिकला, मुलगा शिकला, तर तुमच्या शरीराला वर्षातून तीनदा हा ताण सोसावा लागणार नाही. त्यांना सांगून बघा. डॉक्टरांनी सांगितलंय असं सांगा.

प्रश्न: मी २१ वर्षांची, पुण्यात होस्टेलला आहे. दोन महिन्यांत तीन वेळा ७२ तासवाली गोळी घेतली. आधी पाळी दहा दिवस लवकर आली, आता ४१ दिवस झाले आलीच नाहीये. मैत्रीण म्हणते आता पुढे मूल होणार नाही. घरी कळलं तर संपलं सगळं. प्लीज नाव छापू नका.

उत्तर: नाव नाही छापलं आणि छापणारही नाही. तू लिहिलंस ते बरं केलंस.

उद्या सकाळी उठल्या उठल्या पहिल्या लघवीची टेस्ट कर. मेडिकलमध्ये किट मिळतं, कुणी काही विचारत नाही. निगेटिव्ह आली तर आठवड्याने पुन्हा एकदा कर. शेवटच्या संबंधाला तीन आठवडे होऊन गेले असतील तर निगेटिव्हवर विश्वास ठेवता येतो.

आता पाळी का बिघडली ते. रोजच्या माला-एनमध्ये लेव्होनॉर्जेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम असतं असं वर लिहिलंय ना, तुझ्या त्या एका गोळीत तेच औषध १.५ मिलिग्रॅम आहे. दहापट, आणि एकाच घोटात. ती स्त्रीबीज बाहेर पडणं पुढे ढकलते, म्हणून त्या महिन्याचं सगळं वेळापत्रक हलतं. एका गोळीनेही पाळी आठवडाभर मागेपुढे होते, तू तीन घेतल्यास, त्यामुळे आत्ता कधी येईल याचा अंदाज कुणालाच बांधता येणार नाही. एक-दोन महिन्यांत ती आपोआप रुळावर येते. मूल होणार नाही हे मैत्रिणीचं म्हणणं साफ चुकीचं आहे, या गोळीने गर्भाशय खराब होत नाही, बीज संपत नाहीत. ही गर्भपाताची गोळी पण नाही, दिवस राहिलेले असतील तर ती काहीच करत नाही.

पण हिच्यावर महिने काढायचे नाहीत. हिचं काम झालेल्या संबंधापुरतंच, तेही जितकी लवकर घेशील तितकं चांगलं. परवा घेतलेली गोळी उद्याच्या संबंधाला उपयोगी नाही, उलट बीज पुढे ढकललं गेल्यामुळे नेमकं नंतर दिवस राहू शकतात. बीज आधीच बाहेर पडलं असेल तर ती जवळपास निकामी. म्हणून आता दोघांनी बसून ठरवा. कंडोम हवाच, कारण गुप्तरोगांपासून फक्त तोच वाचवतो. त्याच्या जोडीला तुला रोजची गोळी घ्यायची असेल तर एकदा डॉक्टरकडे जाऊन बीपी बघून घे आणि सुरू कर. लग्न झालेलं नाही म्हणून डॉक्टरने चार शब्द ऐकवले तर डॉक्टर बदल, तू स्वतःला बदलायची गरज नाही.

टेस्ट पॉझिटिव्ह आलीच तर मेडिकलमधून परस्पर किट आणून घेऊ नकोस, हात जोडून सांगते. गर्भपाताच्या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंत चालतात पण आधी गर्भ पिशवीतच आहे, नळीत नाही, हे बघावं लागतं. नळीत असला आणि गोळ्या घेतल्या तर रक्त जातं, सुटलो असं वाटतं, आणि आत नळी फुटते. एका बाजूला पोटात कळ, चक्कर, खांदा दुखणं, असं काही झालं तर ताबडतोब हॉस्पिटल. तू १८ पूर्ण आहेस, कायद्याने तुझी एकटीची संमती पुरते, आईवडिलांची सही लागत नाही. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर लग्न झालेलं नसलं तरी तो कायदा तुला लागू आहे आणि तुझं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे.

प्रश्न: मुलगी १९ वर्षांची. दोन-अडीच महिन्यांनी पाळी येते, चेहऱ्यावर पिंपल्स. पीसीओडी (अंडाशय आणि हार्मोनचं दुखणं) सांगून डॉक्टरांनी सहा महिने गोळ्या दिल्या, पाकिटावर गर्भनिरोधक लिहिलंय. पाळी अगदी वेळेवर यायला लागली, आनंद झाला. कोर्स संपला आणि परत तेच. गोळ्यांनी बिघडवलं का? लग्नाच्या वयाची मुलगी, उद्या कुणी स्ट्रिप बघितली तर काय म्हणेल? (नागपूर)

उत्तर: गोळ्यांनी बिघडवलं नाही, आणि बरंही केलं नव्हतं. गोळी चालू होती तोवर पाळी गोळीच्या वेळापत्रकाने येत होती. बंद केली, मुलीचं मूळचं वेळापत्रक परत दिसायला लागलं. हे सुरुवातीलाच कुणीतरी तुम्हाला समजावून सांगायला हवं होतं, म्हणजे आज हा धक्का बसला नसता.

मग गोळ्या का देतात? पाळी तीन-तीन महिने आलीच नाही तर आतलं अस्तर जाड होत राहतं आणि बरीच वर्षं तसं चालणं चांगलं नाही, ते गोळीने आवरतं. पिंपल्स, नको तिथले केसही कमी होतात. एवढं तिचं काम. मूळ दुखण्यावर उपाय म्हणजे वजन जास्त असेल तर पाच ते दहा टक्के जरी उतरलं तरी खूप जणींची पाळी आपोआप सुधारते, म्हणजे ७० किलोची मुलगी असेल तर साडेतीन ते सात किलो. थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दुधाचं हार्मोन), साखर तपासली होती का? नसेल तर तपासा. आणि निदान नुसत्या सोनोग्राफीवरून झालं असेल तर पुन्हा एकदा विचारा, पहिली पाळी आल्यापासून आठ वर्षं होईपर्यंत सोनोग्राफीच्या आधारावर पीसीओएस, म्हणजे हेच पीसीओडी, ठरवू नये असं आता जगभरातले तज्ज्ञ सांगतात, कारण या वयात अंडाशयात बारीक फुगे दिसणं नेहमीचंच असतं.

गोळ्या परत द्यायच्या ठरल्या तर स्ट्रिप मला दाखवावी तशी तुमच्या डॉक्टरांना दाखवून एक प्रश्न विचारा, आत इस्ट्रोजेनच्या जोडीला दुसरं हार्मोन कुठलं आहे, लेव्होनॉर्जेस्ट्रेल की डेसोजेस्ट्रेल, ड्रॉस्पिरेनॉन किंवा सायप्रोटेरॉन. गोळी न घेणाऱ्या दहा हजार बायकांत वर्षाला साधारण दोघींना गुठळी होते, लेव्होनॉर्जेस्ट्रेलवर पाच ते सात जणींना, डेसोजेस्ट्रेल आणि ड्रॉस्पिरेनॉनवर नऊ ते बारा. आकडे छोटे आहेत, गरोदरपणात धोका याहून जास्त असतो, पण घरात कुणाला गुठळीचा इतिहास असेल तर हा फरक महत्त्वाचा.

आणि कोण काय म्हणेल याचं. पोट दुखतं म्हणून घेतलेल्या गोळीची कुणाला लाज वाटत नाही. ही पण औषधाचीच गोळी आहे. आई म्हणून तुम्ही ती स्ट्रिप कपाटात लपवलीत तर मुलगी पण आपल्या पाळीबद्दल लपवायलाच शिकेल.

प्रश्न: दोन वर्षं नोव्हेलॉन घेतली, आता चान्स घ्यायचा म्हणून बंद करून अडीच महिने झाले. पाळी नाही. मधल्या काळात डाएट करून नऊ किलो वजन कमी केलं. गोळीने कायमची पाळी गेली का? (नाशिक)

उत्तर: टेस्ट केलीत का? पत्रात लिहिलेलं नाही. गोळी बंद झाल्यावर आधी बीज बाहेर पडतं आणि पाळी त्यानंतर दोन आठवड्यांनी येते, म्हणजे पाळी न येताच दिवस राहिलेले असू शकतात. मी अशा कितीतरी जणींना आनंदाची बातमी दिलीय.

टेस्ट निगेटिव्ह असेल तर गोळीपेक्षा मला त्या नऊ किलोंचा संशय जास्त आहे. इतक्या भराभर वजन उतरलं की शरीर बीज तयार करणंच थांबवतं. गोळीचं औषध तर काही दिवसांत शरीरातून निघून जातं आणि बहुतेकींची पाळी एक ते तीन महिन्यांत येते. पोटभर जेवा, भात-पोळी बंद केली असेल तर सुरू करा. तीन महिने पूर्ण होऊनही आली नाही तर थायरॉइड, प्रोलॅक्टिन बघायला जा. आणि फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम आजपासून रोज, ते दिवस राहायच्या आधीच सुरू करायचं असतं.

प्रश्न: बाळ आठ महिन्यांचं, अंगावर पितंय. उपकेंद्रातून छाया मिळाली. दोन महिन्यांपासून पाळी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी येते, ती पण थोडीशी. (बीड जिल्हा)

उत्तर: छायाने असं होतं, पहिल्या काही महिन्यांत जास्तच होतं. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली ही आपल्या देशातली गोळी, १९९१ मध्ये सहेली नावाने आली आणि २०१६ पासून सरकारी कार्यक्रमात छाया नावाने मिळते. हिच्यात स्टेरॉइड हार्मोन नाही, म्हणून अंगावर पाजणाऱ्या आईला चालते, दूध कमी होत नाही. बीज तयार होत राहतं, अस्तर मात्र गर्भ धरू शकत नाही, त्यामुळे पाळी लांबते, कमी जाते. तुम्ही अंगावर पाजताय त्यानेही थोडी पुढे-मागे होणारच.

फक्त वार सांभाळा. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, म्हणजे पहिली गोळी रविवारी घेतली असेल तर रविवार आणि बुधवार, मग चौथ्या महिन्यापासून फक्त रविवार. कॅलेंडरवर खुणा करा, दुधाच्या हिशोबाशेजारीच. एखादी चुकली आणि सात दिवसांच्या आत आठवलं तर लगेच घ्या आणि पुढची पाळी येईपर्यंत कंडोम वापरा. सात दिवसांच्या वर गेलं तर पुन्हा पहिल्यापासून, आठवड्यातून दोनदा. पाळीची तारीख उलटून पंधरा दिवस गेले तर आशाताईंकडून टेस्ट करून घ्या.

प्रश्न: बायकोला फुप्फुसाचा टीबी झालाय, दोन महिने औषध चालू आहे. ती आधीपासून माला-एन घेते, एकही चुकवत नाही तरी आता मधेमधे रक्त जातंय. कुणाला विचारावं कळेना म्हणून तुम्हाला लिहितोय. (धुळे)

उत्तर: दादा, बरं झालं लिहिलंत, हे फार कमी लोकांना माहीत असतं. टीबीच्या औषधांत रिफाम्पिसिन असतं, ज्याने लघवी केशरी होते ते. ते लिव्हरला इतकं कामाला लावतं की माला-एनमधलं औषध शरीरात टिकतच नाही. मधेच रक्त जाणं ही त्याचीच खूण असू शकते, म्हणजे गोळी वेळेवर घेऊनही दिवस राहू शकतात. साध्या सर्दी-खोकल्याच्या ॲन्टिबायोटिकने असं होत नाही, पण रिफाम्पिसिनने होतं, आणि फिटच्या काही औषधांनीही, उदाहरणार्थ फेनिटॉइन, कार्बामाझेपिन.

टीबीची औषधं एक दिवसही थांबवायची नाहीत, बदलायची ती गर्भनिरोधनाची पद्धत. आजपासून कंडोम वापरा आणि आधी एक प्रेग्नन्सी टेस्ट करून घ्या. मग सरकारी दवाखान्यात तिला कॉपर-टी बसवता येईल किंवा अंतरा इंजेक्शन तीन महिन्यांनी एकदा घेता येईल, या दोन्हींवर रिफाम्पिसिनचा परिणाम होत नाही, आणि दोन्ही फुकट मिळतात. अंतरा घेतलं तर पाळी सुरुवातीला कशीही येते आणि वर्षभरात साधारण निम्म्या जणींची थांबते, तेव्हा घाबरू नका. बंद केल्यावर दिवस राहायला मात्र काही महिने जास्त लागतात, पुढच्या वर्षी मूल हवं असेल तर कॉपर-टी बरी. माला-एनवर परत जायचं असेल तर टीबीचं औषध संपल्यावर आणखी चार आठवडे थांबा. टीबीच्या कार्डावर ती कुठली गोळी घेते ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि जाताना माला-एनचं पाकीट सोबत न्या.